आरोपाचा धनी

मे १९८८. न्यू जर्सीतल्या पॅरामस या गावी तीसेक मतदारांना दोन गटांत गप्पांसाठी बोलावलं होतं. माणसं पारखून निवडलेली होती. पक्षाने डेमोक्रॅट, पण आधी रिपब्लिकन रोनाल्ड रेगन यांना मत दिलेली आणि या खेपेला आपल्या मूळ पक्षाकडे, म्हणजे मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांच्याकडे, परतायच्या विचारात असलेली. समोरच्या काचेत त्यांना फक्त स्वतःचं प्रतिबिंब दिसत होतं. काचेपलीकडे उपाध्यक्ष जॉर्ज बुश, म्हणजे थोरले बुश, यांच्या प्रचाराचे सूत्रधार बसले होते. मोहिमेचा प्रमुख ली ॲटवॉटर त्यांत होता आणि जाहिरातींची धुरा वाहणारा रॉजर एल्सही होता.

गप्पा चालवणाऱ्याने डुकाकिस यांच्याबद्दलची एकेक माहिती पुढे टाकायला सुरुवात केली. त्यांचा फाशीला विरोध आहे. शाळेत शिक्षकांनी रोज राष्ट्रध्वजाच्या निष्ठेची प्रतिज्ञा म्हणवून घ्यावी, या सक्तीच्या विधेयकावर त्यांनी सही केली नाही. त्यांच्या राज्यात खुनाच्या गुन्ह्यातल्या जन्मठेपेच्या कैद्यांना फर्लो, म्हणजे संचित रजा, मिळत होती. गप्पा संपल्या तेव्हा यांपैकी जवळपास निम्म्या माणसांचं मत फिरलं होतं. मे महिनाअखेरच्या सुट्टीत हे निष्कर्ष बुश यांच्यासमोर मांडले गेले आणि पुढचे पाच महिने प्रचार कसा चालणार हे ठरलं.

जुलैमध्ये अटलांटातल्या डेमोक्रॅट अधिवेशनानंतर डुकाकिस गॅलपच्या चाचणीत तब्बल १७ टक्क्यांनी पुढे होते. ८ नोव्हेंबरला बुश यांनी ५० पैकी ४० राज्यं जिंकली. निर्वाचक मंडळात ४२६ विरुद्ध १११. लोकांच्या मतांत ५३.४ टक्के विरुद्ध ४५.६. अमेरिकेच्या राजकारणाचा अभ्यास करणारा कोणीही नकारात्मक प्रचाराबद्दल बोलू लागला की पहिलं नाव याच निवडणुकीचं घेतो.

या प्रकरणात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. माझ्या मते बुश यांच्या मोहिमेने १९८८ साली जे केलं ते लाजिरवाणं होतं, आणि त्याची किंमत ज्यांचा त्या निवडणुकीशी काही संबंध नव्हता अशा हजारो माणसांनी पुढे मोजली. पण ‘नकारात्मक प्रचार वाईट, सकारात्मक प्रचार चांगला’ असं जे सरसकट बोललं जातं, तेही मला मान्य नाही. सत्ता मागणाऱ्या माणसाचे दोष प्रतिस्पर्ध्याने सांगायचे नाहीत, तर कोणी सांगायचे? उमेदवार स्वतः तर सांगणार नाही. मतदाराला प्रशंसा जशी ऐकायला मिळते तशी उलटतपासणीही ऐकायला मिळाली पाहिजे. माझी तक्रार आरोप केला म्हणून नाही. ज्या आरोपाची जबाबदारी कोणीच घेत नाही आणि जो तपासून पाहता येऊ नये अशा रीतीने रचलेला असतो, त्या आरोपाबद्दल आहे.

अमेरिकेत ही रीत टीव्हीने आणली, असा एक समज आहे. तो खरा नाही. १८०० साली जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन समोरासमोर आले, तेव्हाही दोन्ही बाजूंची वर्तमानपत्रं विष ओकत होती. उमेदवारांनी स्वतः प्रचार करणं तेव्हा असभ्य मानलं जाई. त्यामुळे घाण उपसायचं काम पगारी लेखणीबहाद्दर करत आणि उमेदवार शुचिर्भूत राहत. जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची युक्ती इतकी जुनी आहे.

१८२८ साली अँड्र्यू जॅक्सन यांच्या पत्नी रेचल यांच्यावर एकाच वेळी दोन नवरे केल्याचा आरोप झाला: पहिल्या नवऱ्याशी घटस्फोट पुरा होण्याआधीच त्यांनी जॅक्सन यांच्याशी लग्न केलं. तांत्रिकदृष्ट्या ते खरं होतं. घटस्फोट झाला आहे अशा समजुतीने लग्न झालं होतं आणि पुढे ते पुन्हा रीतसर लावलं गेलं. पण सदतीस-अडतीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट देशभर चघळली गेली. जॅक्सन यांच्या माणसांनीही कमी केलं नाही. जॅक्सन यांचे प्रतिस्पर्धी जॉन क्विन्सी ॲडम्स रशियात राजदूत असताना त्यांनी झारला एक मुलगी पुरवली, अशी बिनबुडाची कंडी या माणसांनी पिकवली. जॅक्सन जिंकले. शपथविधी व्हायच्या आधीच, २२ डिसेंबर १८२८ला, रेचल वारल्या. प्रतिस्पर्ध्यांच्या जिभेने माझ्या बायकोचा बळी घेतला, असं जॅक्सन अखेरपर्यंत मानत राहिले.

१८८४चं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. ग्रोव्हर क्लीव्हलँड यांना लग्नाबाहेर मूल झाल्याची बातमी फुटली. ‘आई, आई, माझा बाबा कुठे?’ अशी आरोळी विरोधक सभांमधून ठोकू लागले. क्लीव्हलँड यांनी आपल्या लोकांना खरं तेच सांगा असं कळवलं, मुलाच्या पालनपोषणाचा खर्च आपण दिल्याचं नाकारलं नाही, आणि या प्रामाणिकपणाचं आजही कौतुक होतं. ते निवडून आले. निर्णायक ठरलेलं न्यूयॉर्क राज्य त्यांनी जेमतेम अकराशे मतांनी जिंकलं. पण त्या मुलाची आई, मारिया हॅल्पिन, हिने त्या ऑक्टोबरात प्रतिज्ञापत्र दिलं होतं. क्लीव्हलँड यांनी आपल्यावर बळजबरी केली, असं त्यात म्हटलं होतं. देशाचा अध्यक्ष होऊ पाहणाऱ्या माणसाविषयी याहून गंभीर गोष्ट कोणती असू शकते? तरी मतदारांपर्यंत पोचली ती आरोळी. बाईचं म्हणणं गदारोळात बुडालं. आरोप थट्टेचा विषय झाला की त्याची शहानिशा करायची गरज कोणालाच वाटत नाही. नकारात्मक प्रचाराचा हा तोटा फारसा कोणी बोलून दाखवत नाही.

टीव्हीच्या युगातला पहिला मोठा घाव डेमोक्रॅट्सनी घातला, हे त्या पक्षाकडे ओढा असणाऱ्यांनी विसरू नये. ७ सप्टेंबर १९६४च्या रात्री एनबीसीवर एका चित्रपटाच्या मध्ये एक मिनिटाची जाहिरात लागली. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या खुडत, चुकतमाकत आकडे मोजते आहे. मग एक पुरुषी आवाज उलटी मोजणी सुरू करतो. शून्य येताच अणुस्फोट. त्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा आवाज. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचं नाव जाहिरातीत कुठेही नव्हतं. त्याची गरजही नव्हती. अण्वस्त्रांबद्दल ते इतकं सैल बोलून चुकले होते की पाहणाऱ्याने ते नाव आपल्या मनाने घातलं. जाहिरात म्हणून ती एकदाच दाखवली गेली. तक्रारींचा भडिमार झाला, तशी जॉन्सन यांच्या माणसांनी ती मागे घेतली. पण त्या तक्रारींची बातमी देताना वृत्तवाहिन्यांनी ती जाहिरातच पुन्हा पुन्हा दाखवली, तीही फुकट. हा धडा दोन्ही पक्षांनी पाठ करून ठेवला: वादग्रस्त जाहिरात एकदा दाखवा, उरलेलं काम बातम्या करतील.

आता १९८८कडे. मॅसॅच्युसेट्समध्ये फर्लो योजना १९७२ साली सुरू झाली ती फ्रान्सिस सार्जंट या रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात. पहिल्या दर्जाच्या खुनातले कैदीही तिला पात्र आहेत, असा अर्थ राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी लावला. अशा कैद्यांना वगळणारं विधेयक १९७६ साली विधिमंडळाने मंजूर केलं आणि डुकाकिस यांनी ते नामंजूर केलं. हा त्यांचा निर्णय होता. फर्लो तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत आणि संघराज्याच्या तुरुंगांतही दिली जात होती. रेगन गव्हर्नर असताना कॅलिफोर्नियातही ती होती. कैद्याचं घराशी नातं टिकावं आणि सुटल्यावर त्याला जगता यावं, हा तिचा हेतू. महाराष्ट्रातही १९५९च्या नियमांपासून संचित रजा आहेच. मात्र पॅरोलची आशाच नसलेल्या कैद्याला शनिवार-रविवारची रजा देणं अमेरिकेत विरळ होतं आणि त्यावर प्रश्न विचारणं रास्त होतं.

विल्यम हॉर्टन हा असाच कैदी. १९७४ सालच्या, पेट्रोल पंपावरच्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या खुनात त्याला पॅरोलविना जन्मठेप झाली. १९८६च्या जूनमध्ये तो रजेवर गेला आणि परतला नाही. एप्रिल १९८७मध्ये मेरीलँडमध्ये एका घरात घुसून त्याने एका तरुणाला बांधून जखमी केलं आणि त्याच्या होणाऱ्या पत्नीवर बलात्कार केला. लॉरेन्स गावच्या ‘ईगल-ट्रिब्यून’ या छोट्या वर्तमानपत्राने या प्रकरणाचा आणि फर्लो योजनेचा नेटाने पाठपुरावा केला आणि १९८८चं पुलित्झर पारितोषिक मिळवलं. लोकक्षोभ इतका होता की १९८८च्या एप्रिलमध्ये पहिल्या दर्जाच्या खुन्यांची फर्लो बंद करणाऱ्या विधेयकावर डुकाकिस यांनीच सही केली. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या वादसभेत त्यांच्याच पक्षातले प्रतिस्पर्धी अल गोर यांनी हा विषय काढला. हॉर्टनचं नाव न घेता. बुश यांच्या मोहिमेत विरोधकांची कुंडली मांडायचं काम करणाऱ्या जिम पिंकर्टनला या वादसभेच्या टिपणातून धागा सापडला.

इथपर्यंत जे घडलं त्याला मी नावं ठेवणार नाही. वार्ताहरांनी शोधलं, लोकांनी जाब विचारला, कायदा बदलला, पक्षातल्या माणसाने प्रश्न केला. रिपब्लिकन उमेदवाराने हाच प्रश्न पुढे नेला असता, १९७६चा तो नकाराधिकार का वापरला म्हणून डुकाकिस यांना धारेवर धरलं असतं, तर ती उत्तम नकारात्मक मोहीम ठरली असती. बुश यांचे पाठीराखे आजही हेच म्हणतात: मुद्दा खरा होता. होताच.

मग काय चुकलं? सप्टेंबरमध्ये केबल टीव्हीवर एक जाहिरात आली. डुकाकिस आणि बुश यांची छायाचित्रं, मग पोलिसांनी काढलेला हॉर्टनचा दाढी वाढलेला, विस्कटलेल्या केसांचा फोटो. नाव दिलं होतं ‘विली’. त्याला कोणी विली म्हणत नसे. हॉर्टन कृष्णवर्णीय, आणि तो ज्यांच्यावर तुटून पडला ते जोडपं गोरं. जाहिरातीत वंशाबद्दल एक शब्द नव्हता. चेहरा पुरेसा होता. ही जाहिरात बुश यांच्या मोहिमेची नव्हती. ‘अमेरिकन्स फॉर बुश’ या नावाने काम करणाऱ्या एका स्वतंत्र समितीची होती आणि ती बनवणारा लॅरी मॅकार्थी पूर्वी रॉजर एल्सच्या कंपनीत नोकरीला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली निकाल दिला होता की उमेदवाराशी संगनमत न करता कोणी त्याच्यासाठी पैसा खर्च केला तर त्यावर मर्यादा घालता येणार नाही. त्या निकालाने ही वाट मोकळी केली. समितीने चेहरा दाखवायचा आणि मोहिमेने हात वर करायचे.

५ ऑक्टोबरपासून मोहिमेची अधिकृत जाहिरात सुरू झाली. तुरुंगाचं फिरतं फाटक, एका बाजूने कैदी आत येताहेत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडताहेत. चित्रीकरण मॅसॅच्युसेट्समध्ये नव्हे, युटात झालं. हॉर्टनचं नाव नाही, फोटो नाही. निवेदक पहिल्या दर्जाच्या खुन्यांना मिळणाऱ्या रजेबद्दल बोलत असताना पडद्यावर अक्षरं उमटतात: २६८ पळाले. ऐकणाऱ्याने काय समजायचं? २६८ खुनी मोकाट सुटले. केथलीन हॉल जेमिसन या प्रचारसंवादाच्या अभ्यासक बाईंनी पुढे आकडे तपासले. २६८ हा डुकाकिस यांच्या पहिल्या दोन कारकिर्दींत फर्लोवरून न परतलेल्या सगळ्या प्रकारच्या कैद्यांचा आकडा होता. त्यात पहिल्या दर्जाचे खुनी चार. आणि अपहरण-बलात्कार केलेला त्यांतला एकच, हॉर्टन. जाहिरातीतलं एकेक वाक्य सुटं काढून न्यायालयात उभं केलं असतं तर टिकलं असतं. शेजारी शेजारी ठेवल्यावर मात्र त्यांतून धडधडीत खोटं तयार होत होतं. आणि ही रजा एप्रिलमध्येच बंद झाली आहे, हे ऑक्टोबरच्या त्या जाहिरातीत कुठेही नव्हतं.

या दोन जाहिराती पाहणाऱ्याच्या मनात एक झाल्या. पहिलीतला चेहरा दुसरीतल्या फाटकातून बाहेर पडू लागला. बातम्यांनी १९६४सारखंच काम केलं. केबलवरच्या छोट्या जाहिरातीतला फोटो त्यांनी राष्ट्रीय वाहिन्यांवर नेला. समिती आणि मोहीम यांचं साटंलोटं होतं का, याची तक्रार पुढे संघीय निवडणूक आयोगाकडे गेली. सहा सदस्यांची मतं समसमान विभागली आणि प्रकरण तिथेच मिटलं. म्हणजे देशाच्या मनावर इतका खोल ओरखडा काढणाऱ्या आरोपाला कायद्याच्या लेखी धनीच सापडला नाही.

प्रचाराला अशी निनावी हवा आणखीही मिळत होती. डुकाकिस यांनी मानसोपचार घेतले होते, अशी अफवा लिंडन लारूश या विक्षिप्त राजकारण्याच्या अनुयायांनी पसरवली. ३ ऑगस्टला पत्रकारांनी त्याबद्दल विचारलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन म्हणाले, मी आजारी माणसाच्या वाटेला जात नाही. नंतर त्यांनी सारवासारव केली. पण तोवर जी अफवा जबाबदार वर्तमानपत्रं छापत नव्हती ती राष्ट्राध्यक्षांच्या तोंडून पहिल्या पानावर गेली, आणि डुकाकिस यांना आपल्या डॉक्टरला पुढे करून प्रकृतीची माहिती द्यावी लागली.

डुकाकिस काय करत होते? गप्प होते. हल्ल्यांना उत्तर देऊन त्यांना मोठं करायचं नाही, लोक शहाणे आहेत, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण हा निर्णय मला क्षम्य वाटत नाही, आणि नंतर त्यांनी स्वतःही ती आपली मोठी चूक असल्याचं अनेकदा सांगितलं. आरोपाला धनी हवा तसा उत्तरालाही हवा. उमेदवार गप्प राहतो तेव्हा तो एकटा हरत नाही. खरं काय ते जाणून घ्यायचा मतदाराचा हक्कही त्याच्याबरोबर हरतो. १३ ऑक्टोबरच्या लॉस एंजेलिसच्या वादसभेत सीएनएनचे बर्नार्ड शॉ यांनी पहिलाच प्रश्न टाकला: तुमच्या पत्नीवर बलात्कार करून कोणी तिचा खून केला तर तुम्ही त्याला फाशी मागाल का? डुकाकिस यांनी फाशीविरोधाची आपली भूमिका आकडेवारीसह, आवाज न बदलता सांगितली. त्यांचा भाऊ गाडीने उडवला गेला होता आणि गाडीवाला पळून गेला होता. त्यांच्या म्हाताऱ्या डॉक्टर वडिलांना दवाखान्यात मारहाण करून लुटलं होतं. गुन्ह्याची झळ म्हणजे काय, हे त्या मंचावर त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसेल. त्यातलं काहीही ते त्या मिनिटाला बोलले नाहीत.

अखेरच्या काही आठवड्यांत एक गोष्ट घडली, तिचा उल्लेख करायलाच हवा. डेमोक्रॅट नेते जेसी जॅक्सन यांनी आणि डुकाकिस यांचे उपाध्यक्षपदाचे जोडीदार लॉइड बेन्ट्सन यांनी हॉर्टनच्या वापरात वंशद्वेष आहे, असं उघड म्हटलं. राज्यशास्त्रज्ञ टाली मेंडेलबर्ग यांनी याचा बारकाईने अभ्यास केला आणि २००१ साली ग्रंथ लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा की वंशभय जोवर न बोलता सूचित केलं जात होतं, तोवर ते गोऱ्या मतदारांवर काम करत होतं. कोणी त्याच्यावर बोट ठेवताच त्याचा जोर ओसरू लागला. कारण बहुतेक माणसांना आपण वंशद्वेष्टे आहोत असं मानायचं नसतं. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. गप्प राहून सभ्यता राखल्याचं समाधान मिळतं, पण विष उतरतं ते बोलण्याने. डुकाकिस यांच्या बाजूने हे जुलैमध्ये बोललं गेलं असतं तर काय झालं असतं, हे सांगता येणार नाही. ते ऑक्टोबरच्या शेवटी बोललं गेलं, हे मात्र खरं.

नकारात्मक प्रचाराने निवडणुका जिंकता येतात का? अभ्यासकांत एकमत नाही. स्टीफन ॲन्सोलाबेहेर आणि शांतो अय्यंगार यांनी १९९५ साली प्रयोगांच्या आधारे मांडलं की अशा जाहिरातींनी लोकांचा मतदानावरचा विश्वासच उडतो आणि काही जण घरी बसतात. १९८८ साली मतदानवयाच्या नागरिकांपैकी जेमतेम निम्म्यांनीच मत दिलं होतं, हे पाहता त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. पण रिचर्ड लाउ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. अशा जाहिराती इतर जाहिरातींपेक्षा जास्त परिणामकारक असल्याचा किंवा त्यांनी मतदान घटत असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. जॉन गीर यांनी त्याच सुमारास अध्यक्षीय निवडणुकांच्या कित्येक दशकांच्या जाहिराती तपासून उलटंच दाखवलं: टीकेच्या जाहिरातींत धोरणांचा आणि पुराव्यांचा भाग कौतुकाच्या जाहिरातींपेक्षा जास्त असतो. ‘माझं देशावर प्रेम आहे’ म्हणायला पुरावा लागत नाही. ‘याने अमुक साली अमुक कर वाढवला’ म्हणायला लागतो.

कायदा इथे फारसा हात देत नाही. अमेरिकेत प्रसारण केंद्राला उमेदवाराची जाहिरात कापता येत नाही आणि त्यातल्या बदनामीसाठी केंद्राला जबाबदारही धरता येत नाही, असं १९५९ साली ठरलं. सार्वजनिक पदावरच्या माणसाने बदनामीचा दावा जिंकायचा तर आरोप करणाऱ्याला तो खोटा असल्याचं माहीत होतं, किंवा खऱ्याखोट्याची त्याला पर्वाच नव्हती, हे सिद्ध करावं लागतं. हा १९६४चा निकाल. आपल्याकडे याउलट आहे. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३व्या कलमाखाली उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं छापणं हा भ्रष्ट आचार ठरतो आणि त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. टीव्हीवरची राजकीय जाहिरात २००४पासून आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. मला आपली तरतूद तत्त्वतः योग्य वाटते. पण ती कागदावर किती आणि मैदानात किती, हे निवडणुकीच्या दिवसांत मोबाइल हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फॉरवर्ड होणाऱ्या संदेशाला प्रमाणपत्र नसतं आणि बापही नसतो.

अमेरिकेने २००२ साली एक चांगला नियम केला. टीव्हीवरच्या जाहिरातीत उमेदवाराने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, मी अमुक, आणि या संदेशाला माझी संमती आहे. आरोपाला धनी मिळाला. मग धनी नको असलेला पैसा बाजूच्या दाराने बाहेर पडला. २००४ साली डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी यांच्या व्हिएतनाम युद्धातल्या शौर्याबद्दल संशय निर्माण करणारी ‘स्विफ्ट बोट’ जाहिरात अशाच स्वतंत्र गटाने मोजक्या राज्यांत दाखवली आणि बातम्यांनी ती देशभर नेली. केरीही सुरुवातीला गप्प राहिले. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या आणि संघटनांच्या स्वतंत्र खर्चावरची बंधनं उठवली आणि सुपर पॅक नावाच्या समित्यांचं युग आलं. २०१२च्या रिपब्लिकन प्राथमिक फेरीत मिट रॉम्नी यांच्या बाजूने न्यूट गिंग्रिच यांच्यावर तुटून पडणाऱ्या सुपर पॅकसाठी जाहिराती करत होता तोच लॅरी मॅकार्थी.

१९८८ची खरी किंमत मात्र तुरुंगांत मोजली गेली. देशभर राज्यांनी फर्लोला कात्री लावली, ज्या कैद्यांनी कधी एक तासही उशीर केला नव्हता त्यांचीही. पुढची कित्येक वर्षं प्रत्येक गव्हर्नरला माफीच्या कागदावर सही करताना त्या एका फोटोची भीती वाटत राहिली. डेमोक्रॅट्सनी त्यातून घेतलेला धडा त्याहून कठोर होता. जानेवारी १९९२मध्ये बिल क्लिंटन प्रचार सोडून आर्कान्सासला परतले, ते मेंदूला गंभीर इजा झालेल्या रिकी रे रेक्टर या कैद्याच्या देहदंडाच्या वेळी गव्हर्नर म्हणून राज्यात हजर असावं म्हणून. गुन्ह्याबाबत मऊ असल्याचा आरोप त्यांच्यावर कोणी करू शकणार नव्हतं. ही हिशेबी निर्दयता मी क्लिंटन यांच्या नावावरच मांडतो. त्या जाहिरातीने त्यांना ती करायला भाग पाडलं, असं म्हणून त्यांची सुटका करत नाही.

ॲटवॉटरला १९९०मध्ये मेंदूचा कर्करोग असल्याचं निदान झालं. फेब्रुवारी १९९१च्या ‘लाइफ’ मासिकात त्याने डुकाकिस यांची माफी मागितली. हॉर्टनला त्यांचा निवडणुकीतला जोडीदार बनवून टाकीन, असं आपण म्हणालो होतो त्याबद्दल खेद वाटतो, कारण त्यातून आपण वंशद्वेष्टे वाटतो आणि तसे आपण नाही, असं त्याने लिहिलं. मार्चमध्ये तो गेला तेव्हा चाळीस वर्षांचा होता. या सगळ्या प्रकरणात आपल्या शब्दांचा धनी म्हणून स्वतःहून पुढे आलेला हा एकटाच माणूस आणि त्याबद्दल मी त्याला मान देतो.

रास्त नकारात्मक प्रचार कसा असतो, याचं उदाहरण थोरल्या बुश यांच्याच चरित्रात आहे. १८ ऑगस्ट १९८८ला न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात त्यांनी छाती ठोकून सांगितलं होतं, माझ्या ओठांकडे नीट बघा, नवे कर नाहीत. १९९० साली त्यांनी कर वाढवले. १९९२च्या न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक फेरीत त्यांच्याच पक्षाचे पॅट ब्यूकॅनन त्यांच्या विरोधात उभे राहिले आणि त्यांनी जाहिरातीत बुश यांच्या तोंडचं ते वाक्य जसंच्या तसं दाखवलं. चेहरा बुश यांचा, आवाज बुश यांचा, वचन बुश यांचं आणि ते मोडल्याची नोंद सरकारी कागदोपत्री. आरोप करणारा ब्यूकॅनन, उघड आणि नावानिशी. ब्यूकॅनन यांची बहुतेक मतं मला पटत नाहीत, पण ती जाहिरात करायचा त्यांना पूर्ण अधिकार होता आणि ती पाहायचा मतदारांना. त्या नोव्हेंबरात बुश यांना ३७.४ टक्के मतं मिळाली आणि ते हरले.